मोटरहोमची घरची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

इथे ब्रिटनमध्ये वापरलेली, छोट्या आकाराची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली व्हॅन, घेतली की पहिल्या काही सहलींतच एक तक्रार डोकं वर काढते. कॅम्पसाइटवर निळा प्लग लावून गाडी २३० व्होल्टवर असते तेव्हा सगळं झकास चालतं. मग कधीतरी दिवसभर गाडी चालवून वेल्सच्या डोंगरात किंवा स्कॉटलंडच्या उत्तरेला, वीज नसलेल्या जागी मुक्काम पडतो. पाच-सहा तास इंजिन चालू होतं, म्हणजे घरची बॅटरी (गाडीच्या आतले दिवे-पंप चालवणारी) भरलेली असायला हवी. पण रात्री नऊच्या सुमारास दिवे पिवळट पडतात, पाण्याचा पंप कण्हायला लागतो, हीटरचा पंखा सुरू होता होता थांबतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. घरी आणून चार्जरला लावली की बॅटरी ठीक. पुढच्या सहलीला पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बॅटरी गेली, नवी टाका. आमच्या गाडीबरोबर आधीच्या मालकाने बिलांची जाडजूड फाइल दिली होती. ती चाळताना दिसलं, की दर दोन-अडीच वर्षांनी घरच्या बॅटरीचं नवं बिल आहे. १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, साठ्याचं माप) बरी लेड-ॲसिड बॅटरी नीट भरली आणि निम्म्याच्या खाली उतरू दिली नाही, तर त्याहून बरीच जास्त वर्षं काढते. एकामागून एक बॅटऱ्या इतक्या लवकर मरत असतील, तर त्यांना मारणारं कारण गाडीतच आहे आणि नवी बॅटरी टाकली तरी ते जागच्या जागी राहणार. म्हणून माझं सांगणं आहे, की साध्या मल्टिमीटरने तीन गोष्टी मोजल्याशिवाय बॅटरीवर पैसे घालू नका. सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटरीचा विषय तर त्यानंतरच काढा.

बिघाड जोडावर का असतो

या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. दुसरी घरातले दिवे, पंप, हीटर चालवणारी. ब्रिटनमध्ये तिला लीजर बॅटरी म्हणतात, इथे मी तिला घरची बॅटरी म्हणतो. फियाट ड्यूकॅटो, प्यूजो बॉक्सर, फोर्ड ट्रान्झिट अशा व्हॅनचं इंजिन, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र), चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) एका कारखान्यात बनते आणि ओटा, पलंग, फ्रिज, वायरिंग दुसरीच कंपनी बसवते. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे पुढून मागे आलेली एक पॉझिटिव्ह तार, मध्ये एक रिले (इंजिन चालू झालं की वीज जोडणारा, बंद झालं की तोडणारा खटका), एक-दोन फ्यूज आणि परतीच्या वाटेला चासीचं लोखंड. पंधरा-वीस वर्षांत या दुव्यावर पाणी, मीठ, कंप असं सगळं येऊन जातं. रस्त्यावर हिवाळ्यात टाकलेलं मीठ तर गाडीच्या पोटाखाली कायमच चिकटलेलं असतं.

आता घरचा चार्जर कुठे असतो ते पाहा. बॅटरीच्या शेजारच्या कपाटात. त्याच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर येतात, चासीशी त्यांचा संबंधच नसतो. म्हणूनच चार्जरवर बॅटरी छान भरते आणि गाडी चालवून मात्र भरत नाही. लक्षणांतला हा फरक नीट ध्यानात घेतला तर निम्मं काम होतं: बॅटरी करंट घेऊ शकते, पण पुढून करंट पोहोचत नाही.

पहिलं मोजमाप: बॅटरी स्वतः कशी आहे

चार्जरवर पूर्ण भरा. मग तारा काढून रात्रभर तशीच राहू द्या, कारण चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. सकाळी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसलं तर चांगलं. १२.४ च्या खाली असेल तर बॅटरीबद्दल शंका रास्त आहे. १२.१ ते १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरून ठेवलेली बॅटरी काहीही न चालवता एका रात्रीत ११ च्या आत आली, तर एक सेल गेलेला आहे आणि पुढचं काही मोजायची गरज नाही.

नुसता व्होल्टेज मात्र क्षमता सांगत नाही. ती बघायला साधारण ५ अँपिअर खाणारे दिवे आणि पंखा दहा तास चालू ठेवा, म्हणजे ५० एएच बाहेर आले. मग बंद करून काही तास थांबा आणि मोजा. १०० एएचच्या बॅटरीत १२.१-१२.२ उरले तर बॅटरी निर्दोष आहे. दहा तास पूर्ण व्हायच्या आतच दिवे मंद झाले, तर तिची क्षमता घटलेली आहे. पण का घटली हे तरीही शोधावंच लागेल. ही तपासणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखी येत नाही. शून्य अंशाच्या आसपास लेड-ॲसिड बॅटरी पाचवा हिस्सा तरी कमी देते, तेव्हा जानेवारीत थोडी कमी भरली म्हणून घाबरू नका.

दुसरं मोजमाप: इंजिन चालू असताना मागे किती पोहोचतं

खरा खुलासा इथे होतो, म्हणून इथे घाई नको.

आधी घरची बॅटरी थोडी वापरून घ्या, निम्म्याच्या आसपास आणा. भरलेली बॅटरी करंट घेतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पूर्ण दिसतो. गॅरेजमध्ये तपासणी करून ‘सगळं बरोबर आहे’ असं सांगितलं जातं ते बऱ्याचदा यामुळेच. बिनभाराचं मोजमाप फसवं असतं. फ्रिज तीन प्रकारे चालणारा असेल, म्हणजे गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट, तर तो १२ व्होल्टवर लावा. हा एकटाच १० ते १४ अँपिअर खातो. हेडलाइट लावा, इंजिन थोडं वाढवून १५०० फेऱ्यांवर ठेवा.

इंजिनाच्या बॅटरीवर मोजा: जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर असेल तर १४.२ ते १४.४ दिसायला हवेत. मग घरच्या बॅटरीवर मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असावा. आमच्याकडे पुढे १४.३ आणि मागे १३.१ आले. मधल्या वाटेत १.२ व्होल्ट गायब.

हे १.२ नेमके कुठे गेले ते शोधायला सर्किटचा नकाशा लागत नाही. एक लांब तार घ्या, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिनाच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं घरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. जो आकडा येईल तेवढं नुकसान पॉझिटिव्ह बाजूला आहे. तसंच दोन्ही निगेटिव्हमध्ये मोजा. आमचा हिशेब असा आला: पॉझिटिव्हवर ०.३५, निगेटिव्हवर ०.८५. बेरीज बरोबर १.२.

पॉझिटिव्ह बाजूचा बहुतेकांना आधी संशय येतो, कारण रिले आणि फ्यूज तिथे असतात. तिथेही थोडं होतंच. कारखान्यातून आलेली तार ६ चौरस मिलीमीटरची होती. तांब्याची रोधकता ०.०१७५ धरली, तर पाच मीटरला ०.०१५ ओहम होतात. १० अँपिअरला ०.१५ व्होल्ट तारेतच जातात. बाकीचे ०.२ जुन्या फ्यूज होल्डरच्या काळवंडलेल्या पात्यांत आणि रिलेच्या जळलेल्या संपर्कांत. पण मोठं नुकसान परतीच्या वाटेवर होतं.

परतीची वाट म्हणजे प्रवासी सीटच्या मागच्या बाकाखाली, जमिनीतून चासीला मारलेला एक बोल्ट. त्यावर घरची बॅटरी, फ्रिज आणि फ्यूज बॉक्स अशा सगळ्यांच्या निगेटिव्ह तारांचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली कडी) एकावर एक चढवलेले. इंजिन चालू असताना त्या बोल्टजवळ हात नेला तर ऊब लागत होती. त्यातले साधारण ०.८ व्होल्ट गुणिले बॅटरी आणि फ्रिज मिळून २० अँपिअर म्हणजे १६ वॅट. बॅटरीत जायची ती वीज त्या एका जोडात उष्णता होऊन जात होती. बोल्ट उघडल्यावर लगच्या मध्ये हिरवी-पांढरी भुकटी, स्प्रिंग वॉशर गंजून चपटा झालेला, आणि लगखाली चासीचा मूळ रंग तसाच. रंगावरच लग दाबून बसवला होता. इतकी वर्षं वीज जात होती ती केवळ बोल्टच्या आट्यांतून.

बॅटऱ्या मरायचं कारण यातच आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर काही तास मिळावे लागतात. १३.१ वर ती दिवसभर ठेवली तरी अर्धवटच भरते. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. पुढच्या खेपेला बॅटरी आणखी कमी घेते, आणखी लवकर उतरते. दोन वर्षांत ती खरोखरच मेलेली असते, त्यामुळे दुकानदार मीटर लावून ‘बॅटरी गेली’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

जोड नीट कसा करायचा

निळा प्लग काढलेला असू द्या. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. शॉर्ट होऊन तापलेली अंगठी बोटातून निघत नाही. आधी निगेटिव्ह सोडा, लावताना निगेटिव्ह शेवटी लावा. सोलर असेल तर बॅटरीच्या तारा सोडण्याआधी पॅनेलची तार कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीमधला नियंत्रक) काढा.

चासी उघड्या, चमकत्या लोखंडापर्यंत घासा. जुने लग वापरू नका. कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे लग घ्या आणि हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. पकडीने दाबलेला लग वर्षभरात ढिला होतो. दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा, आणि सगळं बसल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस आधी लावून मग आवळू नका.

मी याच्या पुढे जाऊन इंजिनापाशी असलेल्या चासीच्या मुख्य अर्थपासून घरच्या बॅटरीपर्यंत १६ चौरस मिलीमीटरची वेगळी निगेटिव्ह तार ओढली, आणि पॉझिटिव्हही तेवढीच जाड केली. पॉझिटिव्हच्या दोन टोकांना, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, एकेक ५० अँपिअरचा फ्यूज. दोन्ही टोकांना का, तर मध्ये कुठे तार कापली जाऊन चासीला टेकली तर करंट दोन्हीकडून येतो. नव्या गाड्यांत इंजिनाच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर एक छोटा सेन्सर असतो. तुमची तार थेट त्या टर्मिनलवर लावू नका, सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बाजूला लावा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीचा हिशेब चुकीचा मिळतो.

दुरुस्तीनंतर त्याच भाराखाली मागे १४.१ आले. हा एक आकडा बघायला मिळाला तेव्हा झालेला आनंद मला कुठल्याही नव्या वस्तूने दिलेला नाही.

तिसरं मोजमाप: उभ्या गाडीत कोण पितंय

घरासमोर गाडी आठवडाभर उभी राहून बॅटरी रिकामी होत असेल, तर हा वेगळा आजार आहे, आणि दोन्ही आजार एकत्र असू शकतात. आमच्याकडे तसे होते.

सगळं बंद करा. निगेटिव्ह तार सोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडा. मीटर जोडलेलं असताना चुकूनही पंप किंवा हीटर लावू नका, मीटरचा फ्यूज उडतो. ३० ते ८० मिलिअँपिअर असतील तर ठीक: गॅसच्या गळतीचा अलार्म आणि पॅनेल एवढं घेतातच. आमच्याकडे २८० होते. ०.२८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ६.७ एएच, आठवड्याला ४७. वापरता येण्यासारखी निम्मी बॅटरी फक्त उभं राहण्यात संपते.

मग फ्यूज एकेक काढायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. पहिला दोषी रेडिओ: कोणीतरी त्याची इग्निशनची तार कायमच्या पॉझिटिव्हला जोडून ठेवली होती, त्यामुळे तो बंद दिसला तरी अर्धवट जागा राहायचा. दीडशे मिलिअँपिअर त्याचे. दुसरा, कपड्यांच्या कपाटात मागच्या भिंतीला चिकटवलेला टीव्हीच्या अँटेनाचा ॲम्प्लिफायर. त्यावर तांदळाएवढा हिरवा दिवा, कोट लटकवला की दिसतच नाही. त्याचे साठ. उरलेले गॅस अलार्मचे, आणि तो बंद करायचा नसतो.

या दोन्हींना मी एक मुख्य स्विच दिला. गाडी उभी करताना तो खटका खाली.

एक खबरदारी. फ्रिज १२ व्होल्टवर ठेवून इंजिन बंद केलं तर रिलेने त्याची वीज तोडायला हवी. रिलेचे संपर्क वितळून चिकटले असतील तर ती तुटत नाही, आणि मग एका रात्रीत दोन्ही बॅटऱ्या साफ होतात. सकाळी गाडीही सुरू होत नाही. इंजिन बंद करून, फ्रिज १२ व्होल्टवर ठेवून त्याच्या तारेत वीज आहे का ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाणी कुठून आलं

बोल्ट गंजला तो पाण्यामुळे, आणि पाण्याचा माग काढला नाही तर नवा लगही तीन हिवाळ्यांत तसाच होईल. तक्रार येते-जाते याचंही उत्तर इथेच आहे. कोरड्या आठवड्यात जोड बरा चालतो, पावसाच्या आठवड्यात बिघडतो, आणि आपल्याला वाटतं बॅटरी लहरी आहे.

ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर स्वस्तात मिळतं. भिंतीवर १५ टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा, २० च्या वर लक्ष ठेवा, ३० च्या वर आतलं लाकूड कुजायला सुरुवात झालेली असते. खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झरोक्याभोवती, आणि बाकांच्या आत जमिनीलगत मोजा. आमच्याकडे भिंती कोरड्या आणि कपाटाचा तळ ओला होता. छतावरच्या अँटेनाची तार जिथून आत येते तिथला सीलंट तडकला होता. पाणी तारेवरून ओघळत कपाटात, तिथून जमिनीच्या सांध्यातून बाकाखाली आणि थेट त्या बोल्टवर. तारेला आत येण्याआधी खाली एक वळसा दिला असता तर पाणी त्या वळशावरून ठिबकलं असतं. वाडीत विजेची तार घरात घेताना आपले वायरमन हेच करतात.

गळती शोधायला दोघं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून सुरू करा, एका जागी दहा मिनिटं, मग वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळीकडे ओलं होतं आणि काहीच कळत नाही. जुना सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, जागा अल्कोहोलने पुसा, खाली न सुकणारी ब्यूटिल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. छतावर सिलिकॉन कृपा करून लावू नका. ते काही वर्षांनी सुटतं, आणि त्याच्या उरलेल्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. आतली जागा बंद करण्याआधी ओल शोषणारं यंत्र लावून नीट सुकू द्या.

मग सुधारणा, आणि त्याही या क्रमाने

आधी खर्च कमी करा. जुन्या गाडीतले सहा हॅलोजन दिवे, १० वॅटचे, मिळून ५ अँपिअर घेतात. चार तासांचे २० एएच. त्याच जागी २ वॅटचे एलईडी लावले तर ४ एएच. एवढ्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. फक्त १० ते ३० व्होल्ट लिहिलेले घ्या, कारण चार्ज होताना १४.४ व्होल्ट येतात आणि नेमके १२ चे स्वस्त दिवे त्यात जळतात.

मग चार्जर पाहा. ब्रिटनमधल्या अनेक जुन्या गाड्यांतला चार्जर १३.८ व्होल्ट एवढाच देतो. टप्प्याटप्प्याने १४.४ पर्यंत नेऊन मग १३.६ वर आणणारा नवा चार्जर बॅटरीचं आयुष्य वाढवतो.

त्यानंतर सोलर. छतावर सपाट ठेवलेलं १०० वॅटचं पॅनेल इंग्लंडमध्ये जून-जुलैत दिवसाला २५-३० एएच देतं. डिसेंबरात ३-४ मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे हिवाळ्यात ते फक्त गॅस अलार्मचा खर्च भागवतं, आणि घरासमोर उभ्या गाडीसाठी तेवढंच लागतं. कंट्रोलर बॅटरीजवळ बसवा. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल.

गाडी २०१५-१६ नंतरची, युरो ६ या धुराच्या मानकाची असेल तर तिचा अल्टरनेटर हुशार असतो: इंधन वाचवायला व्होल्टेज कधी १२.५ च्या आसपास आणतो, कधी उतारावर १५ पर्यंत नेतो. तिथे साधा रिले उपयोगाचा नाही, डीसी ते डीसी चार्जरच (अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी बॅटरीला हवा तेवढाच देणारा) लागतो. जुन्या गाडीला तो सक्तीचा नाही, पण लिथियम लावायची असेल तर लावाच. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की ती साध्या रिलेतून अल्टरनेटर तापेपर्यंत करंट ओढते. २०-३० अँपिअरचा डीसी चार्जर तिला लगाम घालतो.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० एएच मधले नव्वद तरी वापरता येतात, वजन ११-१२ किलो, तेवढ्याच लेड-ॲसिडचं २५ च्या आसपास. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती बाकाखाली, घराच्या उबेत हवी. आपल्या लोकांचा मुख्य प्रश्न मिक्सरचा असतो. ७५० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतून ७० अँपिअर खेचतो. दोन मिनिटांच्या चटणीला एकूण खर्च २.३ एएच, म्हणजे काहीच नाही. अडचण खर्चाची नाही, झटक्याची आहे. लेड-ॲसिडचा व्होल्टेज त्या झटक्याने कोसळतो आणि इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद होतो. लिथियम तो सहज पेलते. इन्व्हर्टर बॅटरीपासून हातभर अंतरात ठेवा आणि तार किमान २५ चौरस मिलीमीटरची घ्या.

वजनाचा हिशेब विसरू नका. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून कारची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर पेट्रोल-डिझेलची ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी इथे येऊनच परीक्षा दिलेली आहे. सोलर, बाहेर काढायचं कापडी छत, सायकलचा स्टँड असं करत करत छोटी गाडीही त्या रेषेवर येते. पाणी, गॅस आणि माणसांसकट एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा.

गॅसच्या नळीला आणि २३० व्होल्टच्या बाजूला मी हात लावत नाही. गॅससाठी ‘गॅस सेफ’ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची नोंदणी) असलेला, त्यातही मोटरहोमच्या एलपीजीचं काम करणारा माणूस बोलवा.

महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली गाडी तिकडे कोणी घेत असेल तर वरची तिन्ही मोजमापं जशीच्या तशी लागू आहेत. फरक हवामानाचा. तिकडे थंडीऐवजी उष्णता बॅटरी खाते: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तेव्हा बॅटरी इंजिनापासून दूर आणि हवेशीर जागी हवी. कोकणातला पावसाळा तर जोडांवर वेल्सपेक्षा जास्त कठोर आहे, म्हणून अर्थचे बोल्ट दर वर्षी मे महिन्यात उघडून बघा.

नवी बॅटरी घ्यायची वेळ कधी

भाराखाली मागच्या बॅटरीवर १४ च्या वर व्होल्टेज आहे. उभ्या गाडीचा खर्च ८० मिलिअँपिअरच्या आत आहे. रिले चिकटलेला नाही. कपाटाचा तळ कोरडा आहे. आणि तरीही ५ अँपिअरच्या भाराला ती पाच तासही टिकत नाही. तेव्हा खुशाल नवी घ्या. वर्षातून थोड्याच सहली आणि बहुतेक वेळ साइटच्या विजेवर असाल तर चांगली एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) पुरे आहे. आठवडाभर विजेशिवाय राहायचं असेल तर लिथियम, पण तिच्या किमतीत डीसी चार्जर आणि नवा मुख्य चार्जर धरूनच हिशेब मांडा. बसवली त्या दिवशीचे चारही आकडे तारखेसह कागदावर लिहून बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटवा: विश्रांतीनंतरचा व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचा, निगेटिव्हवरचं नुकसान आणि उभ्या गाडीचा खर्च. पुढे कधी दिवे पिवळट झाले तर तुलनेला हेच आकडे लागतील.